आधी ऑइल बघ

पोरा, व्हीव्हीटीची, म्हणजे चालता चालता व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी, गाडी आली की स्कॅनर लावायच्या आधी डिपस्टिक काढ. 2011 च्या स्विफ्टपासून ही व्हीव्हीटी आपल्याकडे रोजचीच झाली, पण कॅम सरकवतं ते ऑइल, हे अजून भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. कॉम्प्युटर नुसता हुकूम सोडतो. सोलेनॉइड वाट उघडतो आणि कॅमच्या टोकावरच्या फेजरमध्ये शिरलेलं ऑइल दाबाने कॅमला थोडा पुढे किंवा मागे फिरवतं. ऑइल कमी असलं, काळं पडलेलं असलं किंवा भलत्याच ग्रेडचं असलं की हे काम रेंगाळतं. कंपनीने 0डब्ल्यू-20 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतायला सांगणारे भेटतील. अजिबात ऐकू नकोस.

मग स्कॅनरवर पी 0011 कोड आला म्हणजे इनटेक कॅम नको तितका पुढे गेलाय. एक्झॉस्ट बंद व्हायच्या आतच इनटेक उघडतो, जळालेला गॅस आत राहतो, मग गाडी सिग्नलला थरथरते, कधी बंदच पडते. पी 0012 ला कॅम मागे राहिलेला असतो. पिस्टन वर निघाला तरी इनटेक उघडाच, त्यामुळे आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि गाडी चढाला उचल घेत नाही. गिऱ्हाईक म्हणेल पिकअप गेला. तेवढ्यावर क्लच उतरवू नकोस.

ऑइल ठीक असेल तर सोलेनॉइड काढ आणि उजेडात धर. बारीक जाळी दिसेल. काळा गाळ आणि सिलिकॉनचे तुकडे तिथेच अडकतात. म्हणून तर सांगतो, चेंबरला सिलिकॉन थापू नये. क्लीनरने धू, क्षणभर 12 व्होल्ट दे. आतला स्पूल टक् करून सरकला पाहिजे, सोडल्यावर परत आला पाहिजे. जास्त वेळ करंट ठेवलास तर कॉइल जळेल. ओ-रिंग नवीनच घाल, तिला ऑइलचं बोट लावून.

सकाळी पहिल्या स्टार्टला क्षणभर खडखड होऊन आवाज थांबत असेल, तर फेजरची लॉक पिन झिजलेली असू शकते. पण आधी ऑइल प्रेशर माप, चेन आणि टेन्शनर बघ. फेजर महाग असतो, गिऱ्हाइकाचा पैसा असा उडवायचा नाही. चेन उतरवलीसच, तर खुणा जुळवून क्रँक हाताने, इंजिनाच्याच दिशेने, पुरे दोन फेरे फिरव. त्यात कॅमचा एक फेरा होतो. कुठे अडलं तर जोर करू नकोस, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. खुणा परत बघ, मगच सेल्फ मार.