आवाज येतो, शब्द येत नाहीत

प्रश्न : माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. घरात समोर बसून बोललं की त्यांना सगळं कळतं. पण वीरभद्रेश्वराच्या जत्रेत, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ‘आवाज येतोय, काय म्हणतात ते कळत नाही’ असं म्हणतात. त्यातही मराठी थोडंफार कळतं, कन्नड आधी निसटतं. ऑफिसात जन्मभर कन्नड बोलले, मग असं का? दोष कानाचा की डोक्याचा?
– एक वाचक, हुमनाबाद

उत्तर : दोघांचाही वाटा आहे. पण घरच्यांनी आधी एवढं लक्षात घ्यावं की वडील दुर्लक्ष करत नाहीत. तुमच्यापेक्षा ते कितीतरी जास्त कष्टानं ऐकत आहेत.

वय वाढतं तशा कानाच्या आतल्या केसपेशी कमी होतात आणि उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. बोलण्यातला दणकटपणा स्वरांचा असतो आणि तो खालच्या पट्टीत असतो. स, च, त यांची ओळख मात्र वरच्या पट्टीत असते. म्हणून ‘आवाज येतो’ हे वडिलांचं म्हणणं खरंच आहे; पण माणूस ‘साल’ म्हणाला, ‘चाल’ म्हणाला की ‘ताल’, हे सांगणारा भागच पोचत नाही. शिवाय पेशी शाबूत असूनही मज्जातंतूशी असलेले त्यांचे जोड तुटू शकतात. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये हे उंदरांत दाखवलं. पुढे मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या कानांतही वयानुसार अशी तूट दिसली. शांत खोलीत शिट्ट्या ऐकवून केलेल्या तपासणीत ती सहसा सापडत नाही. रिपोर्ट बरा आणि पंगतीत अडचण, हा गोंधळ त्यातूनही होतो.

पुढचं काम मेंदूचं. दोन्ही कानांत आवाज पोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक असतो. तेवढ्यावरून मेंदू बोलणारा कुठल्या बाजूला आहे ते ओळखतो आणि बाकीचे आवाज मागे सारतो. उतारवयात ही वेळेची अचूकता ढळते. मग उरतो अंदाज. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला, खोकला नेमका कुठे होता हे त्यांना सांगता येईना! गळलेली अक्षरं मेंदू भाषेच्या ओळखीवरून भरून काढतो.

तुमच्या कन्नडच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. १९९७ च्या एका अभ्यासात स्पॅनिश मातृभाषेच्या लोकांना गोंगाटात इंग्रजी ऐकवलं. इंग्रजी सगळ्यांचंच सफाईदार होतं. तरी जे ते चौदाव्या वर्षानंतर शिकले होते, त्यांना शब्द ओळखण्यासाठी गोंगाट बराच कमी असावा लागला. हुमनाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, मग कन्नडभाषक राज्यात आलं. नंतरही मराठी शाळेत शिकून नोकरीसाठी कन्नड उचललेली माणसं तुमच्याकडे पुष्कळ आहेत. वडील त्यांतले असतील, तर त्यांचं कन्नड कच्चं नाही. शांततेत त्यांना पुरेल इतकं ते पक्कं आहे. पण अर्धी अक्षरं गळाल्यावर रिकाम्या जागा भरायला लहानपणीची भाषाच वेगानं धावून येते.

म्हणून तपासणी करताना गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी मागा, आणि ती शक्यतो मराठीत. फक्त कन्नड शब्द ऐकवले तर कान आहेत त्याहून वाईट वाटतील. बीदर आणि कलबुर्गीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. सखोल तपासणीसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. श्रवणयंत्र लागलं तर समोरचा आवाज वेगळा उचलणारं घ्या आणि सवयीला काही आठवडे द्या. पंगतीतला गलका त्यानं पूर्ण जाणार नाही.

ओरडू मात्र नका. ओरडल्यानं स्वर फुगतात, व्यंजनं तिथंच राहतात. आधी हाक मारा, कशाबद्दल बोलताय ते सांगा, मग सावकाश बोला. चेहऱ्यावर उजेड असू द्या. गोंगाट जितका जास्त, तितका ओठ दिसण्याचा उपयोग जास्त, हे १९५४ पासून प्रयोगांनी माहीत आहे. जत्रेत त्यांना कर्ण्यापासून दूर, भिंतीकडे पाठ करून बसवा आणि कन्नड बोलणाऱ्या पाहुण्यांनाही त्यांच्या समोरच बसवा.