105 आला, तरी थांबा

रुबिक क्यूबच्या दोन स्थिती जोडायला पायथॉनची एक ओळ पुरते. ती ओळ चुकली तरी प्रोग्राम मुकाट्याने चालतो, हाच घोळ. खडवलीला आमच्या ओट्यावर भाचीच्या कॉलेज प्रोजेक्टपाशी बसलो तेव्हा हे नीट कळलं.

मांडणी तिची चोख होती. 8 कोपरे नि 12 कडा यांच्या याद्या, कोपऱ्याचा पीळ 0, 1 किंवा 2, कड सरळ की उलटी. चाचणी म्हणून आर (उजवी बाजू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा), यू (वरची बाजू तशीच) ही वळणं आलटून पालटून देत गेली. 105 जोड्यांनंतर क्यूब सुटलेला! जाणकारांच्या ओळखीचा आकडा, त्यामुळे स्वारी खूश. पण प्रोग्रामची उत्तरं हातातल्या क्यूबवर लावली की रंग भलतीकडेच.

मामा, गणित तर बरोबर आलंय ना?

आलं होतं, पण यू आधी आणि आर नंतर घेतलं तरी 105च येतात. पीळ मोजायचा राहिला तर ही चाचणी ओरडते, कारण मग 35 येतात. क्रम उलटा झाला तर ती ढिम्म.

म्हणून कोडच्या अगदी वर लिहून ठेवा: यादीत न या जागी कोणता तुकडा बसलाय ते आहे, की न हा तुकडा कुठे गेला ते? पहिली रीत असेल तर आधी अ, मग ब याचं उत्तर अ[ब[न]]. दुसरी असेल तर ब[अ[न]]. पहिल्या रीतीत पीळ काढताना अचा पीळ ब[न] या जागेवरचा घ्यायचा, त्यात बचा न जागेवरचा मिळवायचा आणि 3ने भागून बाकी ठेवायची. बरेच जण अचाही न जागेवरचाच उचलतात. सुटलेल्या क्यूबवर पहिल्या वळणाला ते खपून जातं, कारण तिथे सगळे पीळ शून्य असतात.

मग खरा क्यूब घ्या. समोरचा खालचा उजवा कोपरा पाहा. आर करून यू केलं तर तो वरच्या थरात समोर डावीकडे जातो. यू करून आर केलं तर वर समोर उजवीकडे. प्रोग्रामलाही हेच विचारा. भाचीचा घोळ इथेच सापडला.

क्यूब मात्र धड हवा. घरातल्या धाकट्याने तुकडे काढून कसेही परत बसवले असतील, तर 12 पैकी 11 वेळा तो कुठल्याच प्रोग्रामला सुटायचा नाही.