दिसेल तेवढेच अंतर आपले
पावसाळ्यातील दुचाकीप्रवास आणि स्वच्छ दृष्टी

मृग नक्षत्र लागले की ग्रामीण शाखांमध्ये दोन हंगाम एकाच वेळी सुरू होतात: एक पेरणीचा आणि दुसरा पीककर्जाचा. खरिपाच्या कर्जप्रकरणांसाठी शेताची पाहणी, गोठ्याची वा विहिरीची तपासणी, थकीत खातेदारांच्या भेटी ही सारी कामे कृषी अधिकाऱ्याला नेमकी भर पावसात करावी लागतात. वाडीवस्तीवर जाणारा बँकमित्र, दारोदार फिरून बचत गोळा करणारा पिग्मी एजंट, पहाटे डेअरीवर दूध घालणारा शेतकरी आणि शहरातून तालुक्याच्या शाळेत जाणारी शिक्षिका यांचाही पावसाळा बहुधा दुचाकीवरच जातो.

पावसाळा जवळ आला की यांपैकी बहुतेक जण गाडीचे टायर तपासतात, ब्रेक घट्ट करून घेतात, रेनकोट झटकून बाहेर काढतात. पावसात गाडी घसरते हे सर्वांना ठाऊक असते. पावसात दिसत नाही, हे मात्र तितक्या गांभीर्याने घेतले जात नाही. खरे पाहता खड्डा, चिखल वा समोर थांबलेला ट्रक वेळेवर दिसला तर ब्रेक अचानक दाबण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून दृष्टी स्वच्छ राखणे ही पावसाळी दुचाकीप्रवासाची पहिली अट मानली पाहिजे.

काचेबाहेरचे थेंब

हेल्मेटची काच, म्हणजेच व्हायझर, ही वस्तुतः काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. ते सहजासहजी फुटत नाही. पण त्यावर ओरखडे मात्र चटकन उठतात. पावसाचा प्रत्येक थेंब या काचेवर लहानशा भिंगासारखे काम करतो व प्रकाशकिरण वाकवतो. दिवसा त्यामुळे दृश्य धूसर होते. रात्री समोरून येणाऱ्या एका दिव्याचे शेकडो ठिपके होतात आणि प्रत्येक ओरखडा त्या उजेडात चकाकू लागतो. जुनी, ओरखडलेली काच कोरड्या दुपारी खपून जाते. पावसाळी रात्री ती जणू पडदाच बनते. अशी काच पावसाळ्यापूर्वी बदलून घ्यावी. नव्या हेल्मेटच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

काच धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड एवढे पुरते. वाळलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण धुळीचे कणच ओरखडे पाडतात. पेट्रोल, थिनर किंवा खिडक्यांची काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण पॉलिकार्बोनेटला अपाय करते. ट्रकच्या काचेवर तंबाखू चोळण्याचा जुना उपाय काही चालक आजही करतात. तो खऱ्या काचेसाठीचा आहे, हेल्मेटसाठी नव्हे. पाणी न धरणारा लेप बाजारात मिळतो. तो घेताना प्लास्टिकच्या काचेस चालतो ना, हे वेष्टनावर वाचून घ्यावे.

वेग बेताचा असला तरी मान क्षणभर किंचित डावी-उजवीकडे वळवल्यास वाऱ्याने बरेच थेंब बाजूला ओघळतात. मात्र नजर रस्त्यावरच ठेवावी. गर्दीच्या संथ वाहतुकीत वारा पुरत नाही. तेथे काच हाताने पुसावी लागते. उजव्या हाताशी ॲक्सिलरेटर व पुढचा ब्रेक असल्याने हे काम डाव्या हाताचे. काही पावसाळी हातमोज्यांच्या डाव्या बोटावर याचसाठी रबराची पट्टी बसवलेली असते. गियर नसलेल्या स्कूटरवर मात्र डाव्या हाताशीही ब्रेक असतो, म्हणून पुसणे सरळ व मोकळ्या रस्त्यावरच करावे.

काच वर करून गाडी चालवणे हा यावरचा उपाय नव्हे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येत असतो. त्यात ताशी ४० किलोमीटरचा गाडीचा वेग मिळाला की तो डोळ्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. पापणी आपोआप मिटते. ती अर्धा सेकंद मिटली तरी तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते.

काचेआतील वाफ

बाहेरचा थेंब पुसता येतो. आतली वाफ अधिक फसवी असते. श्वासातून बाहेर पडणारी हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. पाऊस व वारा यांनी थंड झालेल्या काचेला ती लागली की बाष्पाचे सूक्ष्म कण होऊन काचेवर बसतात. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून दव जमते, तोच हा प्रकार. चष्मा वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर काचा दोन आणि धुकेही दोन ठिकाणी.

यावरचे उपाय तीन. पहिला म्हणजे हवा खेळती ठेवणे. हेल्मेटच्या हनुवटीजवळची व माथ्यावरची झरोकेवजा छिद्रे पावसातही उघडी असावीत. काचेला एका खाचेपुरती फट ठेवता येत असेल तर ठेवावी. सिग्नलला गाडी थांबते तेव्हा वारा थांबतो आणि वाफ झपाट्याने साठते. तेथे काच वर करावी व निघताना खाली घ्यावी. दुसरा उपाय श्वासाची दिशा बदलण्याचा. नाकातोंडावर घट्ट बांधलेला रुमाल वा स्कार्फ श्वास वर, थेट काचेकडे ढकलतो. पावसात तो नाकाखाली घ्यावा. काही हेल्मेटांत श्वास खाली वळवणारी नाकपट्टी असते, ती काढून टाकू नये.

तिसरा उपाय काचेच्या पृष्ठभागाचा. भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब ओल्या मऊ कापडावर घेऊन काचेच्या आतल्या बाजूस लावावा आणि काच स्वच्छ दिसेपर्यंत कोरड्या कापडाने पुसावी. उरलेल्या अतिशय पातळ थरामुळे बाष्पाचे वेगवेगळे कण न होता त्याचा सलग पापुद्रा होतो व त्यातून आरपार दिसते. हा परिणाम थोडा काळच टिकतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा करावा लागतो; साबण जास्त राहिल्यास डोळे चुरचुरतात. कायमची सोय हवी असल्यास ‘पिनलॉक’ या नावाने ओळखली जाणारी आतली दुसरी काच बसवता येते. पण हेल्मेटच्या मूळ काचेत तशी सोय असावी लागते. दोन काचांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे आतली काच थंड पडत नाही आणि वाफ धरत नाही.

हेल्मेट निवडताना पूर्ण चेहरा झाकणारे व आय. एस. ४१५१ या मानकाची आय.एस.आय. खूण असलेले घ्यावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटना ही खूण बंधनकारक आहे. काळपट काच पावसाळी संध्याकाळी उपयोगाची नाही. काच रंगहीनच असावी. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घातली तर हेल्मेट नीट बसत नाही आणि बाजूचेही दिसेनासे होते.

रस्ता का नाहीसा होतो?

काच स्वच्छ असूनही पावसाळी रात्री रस्ता काळा ठिक्कर दिसतो. कोरडे डांबर खडबडीत असल्याने दिव्याचा उजेड चहूकडे पसरवते व त्यातील काही परत स्वाराकडे येतो. ओल्या डांबरावर पाण्याचा थर आरशासारखा असतो. तो आपल्या दिव्याचा उजेड पुढे फेकून देतो आणि समोरच्या वाहनाचा उजेड थेट आपल्या डोळ्यांत पाठवतो. रस्त्यावरील पांढरे पट्टे त्यामुळेच गडप होतात. अशा वेळी प्रखर झोत लावून उपयोग होत नाही. पावसाचे थेंब व धुके तो उजेड परतवतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. खालचा झोतच अधिक दाखवतो.

पाण्याखालचा खड्डा कोणत्याही दिव्याने दिसत नाही. पुढील वाहनाची चाके जेथून सुखरूप गेली त्या पट्ट्यातून, पण पुरेसे अंतर राखून जाणे बरे. फरशी पुलावरून वा मोरीवरून पाणी वाहत असेल तर तेथे गाडी घालूच नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह त्यावरची वाहने पुरात वाहून गेली. नेहमीचा रस्ता म्हणजे खात्रीचा रस्ता, हे पावसाळी रात्री गृहीत धरता येत नाही, याचे ते दुःखद स्मरण आहे.

अंतराचा ताळेबंद

येथे बँकेतील साधा नियम उपयोगी पडतो. खात्यात असेल तेवढेच काढता येते. रस्त्यावर जेवढे अंतर स्पष्ट दिसते ती शिल्लक, आणि गाडी पूर्ण थांबण्यास जेवढे अंतर लागते तो खर्च. खर्च शिल्लकेपेक्षा वाढला की स्वार न दिसणाऱ्या रस्त्यावर उधारीने धावत असतो.

हा खर्च किती येतो? धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद आणि ओल्या रस्त्याची पकड कोरड्याहून बरीच कमी, म्हणजे घर्षणांक ०.४ धरल्यास हिशेब साधारण असा येतो:

ताशी ३० किलोमीटर: सुमारे २१ मीटर
ताशी ४० किलोमीटर: सुमारे ३२ मीटर
ताशी ५० किलोमीटर: सुमारे ४५ मीटर
ताशी ६० किलोमीटर: सुमारे ६० मीटर

वेग दुप्पट झाला की अंतर जवळजवळ तिप्पट होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रस्ता निसरडा असेल, टायर झिजलेले असतील किंवा मागे कोणी बसलेले असेल तर खर्च आणखी वाढतो.

भर पावसात मीटर मोजत बसणे शक्य नाही. त्यासाठी सेकंद मोजावेत. पुढचे झाड वा विजेचा खांब प्रथम स्पष्ट दिसताच मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजू लागावे. ‘एक हजार चार’ म्हणून होण्याआधीच खांब बाजूने मागे गेला तर वेग जास्त आहे. तो कमी करावा. वरील चारही वेगांना चार सेकंदांचा हा नियम पुरा पडतो. पुढील वाहनाच्या मागे राहतानाही तेवढेच अंतर ठेवावे; ट्रकच्या चाकांतून उडणाऱ्या चिखलपाण्याच्या फवाऱ्यातून त्यामुळे सुटका होते. आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटात, एकेरी रस्त्याच्या वळणावर मात्र दिसणाऱ्या अंतराचे दोन मालक असतात. समोरून येणाऱ्यालाही थांबायचे असते. तेथे निम्म्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग आपला.

दिसणे आणि दिसून येणे

ज्याला दिसत नाही तो स्वतःही इतरांना दिसत नसतो. १ एप्रिल २०१७ पासून निर्माण झालेल्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याआधीच्या गाड्यांचा दिवा पावसात दिवसाही आठवणीने लावावा. मागचा दिवा चाकाने उडवलेल्या चिखलाने माखतो, तो वाटेत पुसावा. अंगरख्यासारखा सैल रेनकोट वाऱ्याने फुगून नेमका हाच दिवा झाकतो आणि साखळीत अडकण्याचाही धोका असतो. काळ्या वा गडद निळ्या रेनकोटपेक्षा पिवळा किंवा पोपटी झळाळता रंग दिवसा उठून दिसतो. रात्री मात्र तो रंग निष्प्रभ ठरतो आणि उजेड परतवणाऱ्या पट्ट्याच कामी येतात. म्हणून दोन्ही हवेत. मागे बसणाऱ्याने छत्री उघडणे कटाक्षाने टाळावे. ती वाऱ्याने गाडी ओढते आणि चालकाच्या नजरेआडही येते.

दिसेनासे झाले तर थांबावे. परंतु उड्डाणपुलाखाली रस्त्यातच घोळका करून नव्हे. मागून येणाऱ्यालाही तितकेच कमी दिसत असते. वेग हळूहळू कमी करीत, डावीकडचा इशारा देत रस्त्याबाहेर पेट्रोल पंप, एस.टी.चा थांबा किंवा दुकानाची पडवी गाठावी. विजा होत असतील तर एकट्या झाडाचा आसरा घेऊ नये.

बदलीवर परप्रांती गेलेल्यांनी तेथील पावसाचे वेळापत्रकही समजून घ्यावे. केरळात मान्सून साधारण १ जूनला पोहोचतो, तर चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. महाराष्ट्रात रेनकोट घडी करून ठेवण्याची वेळ येते, तेव्हा तेथे तो बाहेर काढावा लागतो.

सोळा मिनिटांची किंमत

वार्षिक २० रुपयांच्या हप्त्यात २ लाख रुपयांचे अपघाती विमा संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारांसाठी उपलब्ध आहे आणि प्रत्येक दुचाकीस्वाराने तिचा लाभ घेणे शहाणपणाचे ठरेल. तथापि विमा घरच्यांना रक्कम देतो. घरचा माणूस देत नाही.

शाखेपासून २० किलोमीटरवरील गावी ताशी ५० किलोमीटर वेगाने २४ मिनिटांत पोहोचता येते. ताशी ३० किलोमीटरने ४० मिनिटे लागतात. फरक सोळा मिनिटांचा. पाहणीसाठी बांधावर उभा असलेला शेतकरी तेवढा वेळ सहज थांबेल, कारण पावसाची वाट पाहणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. संध्याकाळी दाराशी वाट पाहणाऱ्यांनाही सोळा मिनिटांचा उशीर चालतो. स्वच्छ काच, बेताचा वेग आणि मनातल्या मनात मोजलेले चार सेकंद एवढ्या भांडवलावर तो माणूस रोज घरी पोहोचावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.