रक्तवाहिन्यांतील रोध का वाढतो?

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून बारीक रोहिणिकांत व तेथून केशवाहिन्यांत जाते. या वाटेत प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यास परिघीय रोध म्हणतात. त्यात सर्वांत मोठा वाटा रोहिणिकांचा असतो.

आपल्या पाणचक्कीसाठी डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून आणले गेले. नळ जितका अरुंद, तितका दाब जास्त लागतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर रोध दुप्पट नव्हे, 16 पट होतो!

रोध वाढण्याची मुख्य कारणे अशी :

1) भीती, संताप वा थंडी यांमुळे अनुकंपी मज्जासंस्था उत्तेजित होऊन रोहिणिका आकुंचन पावतात.

2) मूत्रपिंडाला रक्त कमी पडल्यास ते रेनिन सोडते. त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन रोहिणिका आवळते.

3) तंबाखू, मिश्री व विडीतील निकोटिन हेच करते.

4) रक्तातील तांबड्या पेशी फार वाढल्यास रक्त दाट होते.

5) रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिल्यास रोहिणिकांची भित्ती जाड होते, पोकळी अरुंद होते व रोध आणखी वाढतो.

हे पाचवे कारण म्हणजे दुष्टचक्रच होय. ते बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही; परंतु मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांची हानी होत राहते. यास्तव तिशीनंतर प्रत्येकाने घाटी रुग्णालयात वा जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. तो वारंवार 140/90 वा अधिक आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. विद्यार्थ्यांनी निदान आपल्या आई-वडिलांना तरी तपासणीस न्यावे.