रायपुरात छत्तीसगढी जेवण : कुठे खावे, किती मोजावे

नागपूरहून दुपारची वंदे भारत धरली की चार तासांच्या आत रायपूर येते. डिसेंबर २०२२ मध्ये ही नागपूर–बिलासपूर गाडी सुरू झाली आणि विदर्भातल्या माणसाला रायपूर जवळचे झाले. कोणी लग्नाला जाते, कोणी दवाखान्याच्या कामाला, कोणी व्यापाराला. जेवणाची वेळ झाली की बहुतेक जण स्टेशनजवळ किंवा जयस्तंभ चौकात पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी खाऊन परततात. तीच थाळी नागपुरात आणि पुण्यातही मिळते. छत्तीसगढचे स्वतःचे जेवण तांदूळ, पालेभाज्या आणि डाळींच्या पिठावर उभे आहे. शहरात ते शोधावे लागते, पण मिळते, आणि बहुतेक वेळा पनीरच्या थाळीपेक्षा स्वस्त पडते.

सुरुवात गढ कलेवापासून करावी. घडी चौकाजवळच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयाच्या आवारात राज्याच्या संस्कृती विभागाने जानेवारी २०१६ मध्ये हे उपाहारगृह सुरू केले. चालवतात बचत गटातल्या बायका. स्टेशनपासून अंतर दोन-तीन किलोमीटर. ई-रिक्षात बसण्याआधी भाडे ठरवून घ्या, कारण बाहेरगावचा माणूस दिसला की भाडे वाढवून सांगितले जाते. बसायची व्यवस्था झाडांखाली, भिंतींवर खेड्यातली चित्रे. कल्पना यशस्वी झाल्यावर सरकारने याच नावाची ठिकाणे इतर जिल्ह्यांतही उघडली, पण रायपूरचे हे मूळ. संग्रहालय सोमवारी बंद असते. दोन्ही एकाच फेरीत उरकायचे तर दुसरा वार निवडा. संग्रहालयाची स्थापना १८७५ ची, राजनांदगावच्या महंत राजांनी केलेली. आतली सिरपूरची शिल्पे पाहायला तास-दीड तास राखून ठेवला तर भूकही चांगली लागते.

इथे काय मागवायचे? मराठी जिभेला सगळ्यात सोपा चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. फरा मात्र आपल्याकडे नाही. तांदळाच्या पिठात शिजलेला भात मळून बोटाएवढ्या वळकट्या करतात, त्या वाफवतात आणि तीळ, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी देतात. चांगला फरा दाताखाली किंचित चिवट लागतो आणि तिळाचा खमंगपणा मागे उरतो. पिठूळ लागला तर तो सकाळचा आहे असे समजा. चौसेला ही तांदळाच्या पिठाची पुरी. ती कढईतून निघाल्यावर लगेच खायची असते, गप्पांत दहा मिनिटे गेली की चामड्यासारखी होते. म्हणून सगळे पदार्थ एकदम मागवू नका. आधी फरा आणि चीला, ते संपत आले की चौसेला.

अंगाकर रोटीसाठी वेळ हाताशी हवा. तांदळाच्या पिठाची ही जाड भाकरी पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. विदर्भातल्या पानग्यांशी तिचे जवळचे नाते आहे. पारंपरिक पद्धतीने भाजायची तर अर्धा तास कुठे गेला कळत नाही. बसताक्षणी पहिली मागणी तिची नोंदवा. सोबत पताल चटणी, म्हणजे भाजलेल्या किंवा वाटलेल्या टोमॅटोची, मागून घ्या. चटणीशिवाय अंगाकर खाण्यात अर्धी मजा जाते.

पैशांचे गणित असे. दोघांनी तीन-चार पदार्थ आणि चहा घेतला तर दोन-तीनशे रुपयांची तयारी पुरते. पोटभर जेवायचे तर माणशी दीडशे-दोनशे धरा. हा अंदाज आहे. फलकावर लिहिलेला दर प्रमाण. यूपीआय चालतेच, तरी थोडे सुटे पैसे जवळ ठेवा. रविवारी आणि सणाच्या दिवशी गर्दी असते, दुपारी उशिरा गेल्यास निम्मे पदार्थ संपलेले असतात. फलकावर तीस नावे असली तरी त्या दिवशी दहाच तयार असू शकतात. ‘आज काय ताजे आहे?’ हा प्रश्न आधी विचारला की वेळ वाचतो.

सणांचे वेळापत्रक माहीत असेल तर याच पैशांत जास्त चांगले खायला मिळते. आपल्या आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, छत्तीसगढात हरेली असते आणि त्या दिवशी गुळाचा चीला होतो. आपला पोळा तोच त्यांचा पोरा. आपली हरितालिका ती त्यांची तीजा. उपासाच्या आदल्या संध्याकाळी कारल्याच्या भाजीसोबत भात खायची रीत आहे, त्याला करू भात म्हणतात. पोळा ते हरितालिका या तीन-चार दिवसांत ठेठरी आणि खुरमी घराघरांत तळली जाते, आणि दुकानांतही तेव्हाच ती सर्वांत ताजी असते. ठेठरी बेसन-ओव्याची, दोरीसारखी वळून पीळ दिलेली, खारी. खुरमी गोड, आपल्या शंकरपाळ्याच्या घराण्यातली; जुन्या बायका ती टोपलीवर दाबून तिच्यावर विणीची नक्षी उठवतात.

घरी न्यायला याच दोन वस्तू घ्याव्यात. नीट पॅक केल्यास पंधरवडा टिकतात. किलोला तीन-चारशेच्या आसपास दर असेल तर वाजवी समजा. खरेदी करताना एक तुकडा तोंडात टाका. जुन्या तेलाचा वास जिभेच्या मागच्या बाजूला लगेच कळतो, आणि तसा वास आला तर विनासंकोच नको म्हणा. अइरसा (आपल्या अनारशाचा भाऊ) आणि देहरौरी तिथेच खा. देहरौरी हा दह्यात भिजवलेल्या भरड तांदळाचा, तुपात तळून पाकात मुरवलेला पदार्थ. प्रवासात पाक गळतो आणि आख्खी पिशवी चिकट होते. राजिमला जाणार असाल तर राजीवलोचन मंदिराचा पिडिया हा प्रसाद घ्यायला विसरू नका. रायपूरहून अंतर पंचेचाळीस किलोमीटर.

आता भाज्या. छत्तीसगढचे खरे वैभव इथे आहे, आणि खर्चाची मोठी तफावतही इथेच. लाल भाजी, चेच, अमारी म्हणजे आपली अंबाडी, मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला, पावसाळ्यात चरोटा म्हणजे टाकळा. या भाज्या शास्त्री बाजारात मोसमात कवडीमोलाने मिळतात. हॉटेलात मात्र क्वचित दिसतात, कारण निवडायला वेळ लागतो आणि शिजल्यावर मूठभर उरतात. थाळीत दोन स्थानिक पालेभाज्या असतील तर तीनशे रुपयेही रास्त आहेत. बटाटा आणि पनीर घालून नुसते ‘छत्तीसगढी थाळी’ असे नाव दिले असेल तर दीडशेसुद्धा जास्त. मागवण्याआधी विचारा : आज भाजी कोणती? इढर आहे का? (उडदाची डाळ आणि अळूची पाने, गुंडाळून वाफवून रश्शात सोडलेली, अळूवडी आवडणाऱ्याने चुकवू नये.) डुबकी कढी आहे का? रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, कशात घातले आहेत? या चार प्रश्नांना स्वयंपाकघरातून नीट उत्तर आले तर निश्चिंत बसा.

दोन भाज्यांचा दर ऐकून मराठी माणूस दचकतो. पहिली बोहार भाजी. आपण भोकराचे लोणचे घालतो, त्याच झाडाच्या कळ्या आणि कोवळा पाला. होळीच्या आसपास थोडेच आठवडे येते. झाडावर चढून हाताने खुडावी लागते, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला किलोला काहीशे रुपये पडतात. दह्यात किंवा चिंचेच्या आंबटात शिजवतात. पाव किलो चौघांना चाखायला पुरते.

दुसरा बोडा. बस्तरच्या सालवनांत पहिल्या पावसानंतर जमिनीखाली येणारी गोल, गोटीएवढी आळंबी. माणसाला तिची लागवड जमलेली नाही. जंगलात जाऊन माती उकरून ती गोळा करावी लागते आणि ते काम आदिवासी बायका-मुले करतात. जूनमध्ये आलेला पहिला माल किलोला हजाराच्या पुढे जातो, जुलैत उतरतो. रायपूरच्या बाजारातही येतो. विकत घेताना एक बोडा नखाने फोडून पाहा. आत पांढरा आणि घट्ट असेल तर कोवळा. आतून काळपट असेल तर जून झालेला, त्याला पहिल्या मालाचे पैसे देऊ नका. वजनात मातीही येते हे धरून चाला. घरी पाच-सहा पाणी बदलून धुतल्याशिवाय कचकच जात नाही. हॉटेलात बोड्याची भाजी मिळाली तर वाटीला दोन-अडीचशे द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. त्यातला बराच पैसा मालाचा आहे, सजावटीचा नाही.

उलट टोकाला बोरे बासी. भात शिजवून पाण्यात भिजत ठेवायचा आणि कांदा, चटणी, लोणचे, भाजीसोबत खायचा, हे शेतमजुराचे उन्हाळी जेवण. २०२२ पासून तेव्हाच्या राज्य सरकारने १ मे हा बोरे बासीचा दिवस म्हणून साजरा केला आणि मंत्री, अधिकारी पंगतीला बसले. त्यानंतर काही ठिकाणी हा पदार्थ मातीच्या भांड्यात, कोथिंबीर पेरून, बऱ्याच चढ्या दराने वाढला जाऊ लागला. कष्टकऱ्याचे अन्न मानाने ताटात आले याचा आनंदच आहे, पण भात-पाणी-कांद्याला शंभराच्या वर मोजू नका. बाहेर खाताना भात कोणत्या पाण्यात भिजवला आहे ते विचारणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात पोट बिघडण्याचे ते पहिले कारण ठरते.

नव्या धाटणीच्या छत्तीसगढी जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. कोदो-कुटकीची खिचडी, नाचणीचे पदार्थ, महुआचे लाडू आता शहरी कॅफेंच्या मेनूत शिरले आहेत. प्रयत्न स्वागतार्ह, दर्जा ठिकाणागणिक वेगळा. मोठ्या हॉटेलांत स्थानिक पदार्थ रोज असतीलच असे नाही. बहुधा खाद्यमहोत्सवाच्या आठवड्यात असतात, म्हणून फोन करूनच जा. मेनूत ‘दुबराज’ किंवा ‘जीराफूल’ तांदूळ लिहून जादा पैसे लावले असतील तर ताट नीट पाहा. धमतरीच्या नगरी भागातल्या दुबराजला २०२३ मध्ये आणि सरगुजाच्या जीराफूलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दोन्ही सुगंधी, दोन्हींचा दाणा लहान. ताटात लांबसडक दाणा आला तर तो यांपैकी कोणताच नव्हे, आणि जादा पैशांबद्दल विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बिल हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. छोटे दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. महागड्या खोल्यांच्या, म्हणजे दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराच्या, हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के होतो : बाराशेचा बुफे १,४१६ ला पडतो. दुसरी गोष्ट सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. सहाशेच्या बिलावर १० टक्के सेवा शुल्क लावले की ६६० होतात, त्यावर कर ३३, एकूण ६९३. शुल्क काढले की ६३० च. फरक त्रेसष्ट रुपयांचा, म्हणजे एका प्लेट फऱ्याचा. सेवा आवडली तर बक्षीस हातात द्या, ते वाढणाऱ्यापर्यंत नक्की पोहोचते. तिसरी गोष्ट, बिलावर एफएसएसएआयचा क्रमांक हवा. जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सगळ्यात उत्तम छत्तीसगढी जेवण आजही घरात होते. तात्यापारा, चौबे कॉलनी या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत वरणभातासोबत चेच भाजीही शिजते. रायपुरात कोणी नातेवाईक असतील तर हॉटेलाचा पत्ता विचारण्याऐवजी त्यांना सांगा, ‘वहिनी, आज इथली भाजी करा.’ जाताना संत्री न्या.

प्रवास ठरवताना तिकीट मोसम पाहून काढा. बोहार हवी तर होळीच्या सुमारास, बोडा हवा तर जूनच्या अखेरीस, ताजी ठेठरी-खुरमी हवी तर पोळ्यानंतर लगेच. आणि फक्त एकच वेळ हाताशी असेल तर दुपारी बाराच्या आत गढ कलेवा गाठा, अंगाकर रोटी सांगा आणि ती येईपर्यंत फरा खा.