पुण्याची शैक्षणिक सहल : काय पाहावे व काय विचारावे

सहलीवरून परतलेल्या मुलांच्या निबंधांत बहुधा स्थळांची यादी आणि फराळाचे वर्णन एवढेच आढळते. हा दोष मुलांचा नव्हे. एका दिवसात दहाबारा ठिकाणे धावतपळत दाखविली, तर मनात एकही ठसत नाही. खेड्यातील पुष्कळ मुलांना पुणे पाहण्याचा योग शालेय वयात एकदाच येतो. म्हणून स्थळे थोडी निवडावीत, ती कालक्रमाने पाहावीत आणि प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत : येथे मूळचे काय आहे? मागाहून केलेले काय आहे? नाहीसे काय झाले आहे?

पुढील पाच टप्पे एका दिवसास पुरेसे आहेत.

(१) पाताळेश्वर : जंगली महाराज रस्त्यावरील हे लेणे आठव्या शतकातील मानले जाते. गाभारा, खांब व अंगणातील वर्तुळाकार नंदीमंडप खडकातच कोरून काढलेले आहेत. चिरे रचून बांधणे आणि खडक कोरणे यांतील भेद मुलांनी खांबाजवळ उभे राहून ओळखावा.

(२) लाल महाल : नदी ओलांडून येथे यावे. शिवाजी महाराजांचे बालपण जेथे गेले व १६६३ मध्ये शाएस्तेखानावर जेथे छापा पडला, तो मूळ वाडा आज उभा नाही. सध्याची इमारत महानगरपालिकेने बांधली असून ती १९८८ मध्ये पूर्ण झाली. हे मुलांस स्पष्टपणे सांगावे. त्यामुळे स्थळाचे महत्त्व उणे होत नाही. अवशेष व स्मारक यांतील अंतर मात्र कळते.

(३) शनिवारवाडा : हा लाल महालापासून हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये याचा पाया घातला व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील इमले जळाले. तट, दिल्ली दरवाजा व जोती राहिली. दरवाज्यावरील अणकुचीदार खिळे इतक्या उंचीवर का, हे मुलांनाच विचारावे. हत्तीचे नाव कोणी तरी घेईलच. उरलेल्या जोत्यांचा नकाशा त्यांनी वहीत काढावा.

(४) भिडेवाडा व फुलेवाडा : जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तो जीर्ण वाडा २०२३ मध्ये पाडण्यात आला. येथे पाहण्यास जुनी भिंत नाही. परंतु वर्गातील प्रत्येक मुलीचा या जागेशी संबंध आहे, हे शिक्षकांनी तेथेच थांबून सांगावे. पुढे गंज पेठेतील फुल्यांचे घर पाहावे. तेथील पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांस खुला केला.

(५) आगाखान पॅलेस : १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी येथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांचे येथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. येथे मुलांनी काही वेळ शांत बसावे.

सहलीपूर्वी फळ्यावर कालरेषा काढून ही पाच स्थळे तीवर मांडावीत. परतल्यावर केवळ वर्णनात्मक निबंध न देता, हेच तीन प्रश्न घेऊन मुलांस गावातील वेस, बारव अथवा जुन्या देवळाकडे पाठवावे. तेथे त्यांना स्वतःहून उत्तरे शोधता आली, तर सहलीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.