पाचवीच्या दिवशी बाळ उजेडात बघा

सांगलीकडे बाळ पिवळं दिसायला निमित्तं पुष्कळ. हळद घालून चोळलेलं डाळीचं पीठ, पिवळं झबलं, माजघरातला मिणमिणता बल्ब. “डॉक्टर, बाळ जरा पिवळट वाटतंय, पण पिठामुळं असंल,” असं आजी फोनवर म्हणाल्या की मी आधी एकच विचारतो, बाळ आज कितव्या दिवसाचं?

नवजात बाळाच्या काविळीत दिवसाला फार महत्त्व. बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात आणि त्या जगतातही कमी, मोठ्या माणसाच्या १२० दिवसांऐवजी ७० ते ९० दिवस. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते निचरून टाकायला यकृत अजून सरावलेलं नसतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या १०० बाळांतल्या साधारण ६० आणि अपुऱ्या दिवसांच्या ८० बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत ओसरते.

साध्या बाळंतपणात दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. म्हणजे कावीळ चढते ती घरी, आणि तीही ऐन पाचवीच्या सुमारास. सटवाई पुजायला घर माणसांनी भरलेलं, पण बाळ आतल्या खोलीत कुंचीत गुंडाळलेलं आणि वारा लागू नये म्हणून खिडकी बंद. पाटण-जावळीच्या डोंगरात पावसाळ्यात तर दिवसाही दिवा लागतो. अशा अंधारात कावीळ कुणाला दिसणार?

पाचवीची पूजा संध्याकाळी असते. त्या दिवशी सकाळी बाळाला सोप्यात किंवा खिडकीपाशी घ्या आणि कुंची-झबलं काढून कपाळ, छाती, पोट, मांडी, तळपाय बोटानं हलकेच दाबून सोडा. दाबल्या जागेवरचं रक्त क्षणभर सरकतं आणि कातडीची खरी छटा दिसते. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. बाळ सावळं असेल तर हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पाय किंवा तळपाय पिवळे दिसले तर पूजा थांबली तरी चालेल, दवाखाना त्याच दिवशी. नेमकं प्रमाण मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्याला तपासणीच लागते. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. पाचव्या दिवशीही डोकावून जा, असं त्यांना सांगून ठेवा.

पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं झालं, तर ती नेहमीची कावीळ समजू नका. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह, किंवा आईचा ओ आणि बाळाचा ए वा बी असेल, तर बाळाच्या पेशी झपाट्यानं मोडू शकतात. निगेटिव्ह आईला बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं. ते पुढच्या बाळासाठी असतं.

आता कोवळ्या उन्हानं कावीळ उतरते या समजुतीविषयी. ही समजूत अगदीच निराधार नाही. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड बाळांना बाहेर उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावरचा पिवळेपणा उतरला होता, पण चादरीचा कोपरा पडला होता तेवढा तुकडा पिवळाच राहिला होता. त्यातून डॉ. क्रेमर यांनी दिव्याचा उपचार उभा केला. पण तो निळा उजेड मोजून-मापून उघड्या अंगावर तासन्‌तास पडतो. अंगणातल्या दहा मिनिटांना ती सर नाही. उलट बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि दोन दिवस वाया जातात. सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील यांसारख्या सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत. दिव्याखाली पेटीत ठेवलेल्या बाळाच्या डोळ्यांवर पट्टी असते, ती बघून घाबरू नका. मधूनमधून बाहेर काढून अंगावर पाजता येतं.

पाजणं तर वाढवायचंच, दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा. हे पिवळं द्रव्य मुख्यतः शीवाटे जातं; दूध कमी पडलं की ते आतच राहतं. साखरपाणी, मध, घुटी काही नको. आईचं वरण-तूप बंद करू नका, तिच्या जेवणातल्या हळदीनं बाळ पिवळं होत नाही. ट्रंकेतलं जुनं टोपडं मात्र जपून: डांबरगोळ्यांच्या वाफेनं जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या पेशी फुटतात, आणि ती कमतरता वरून कळत नाही.

बाळ पेंगून दूध ओढेनासं झालं, चिरक्या आवाजात रडू लागलं, पाठ कमानीसारखी ताणू लागलं, तर बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचत असण्याची भीती असते. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

बारसं झालं, दोन आठवडे उलटले, तरी पिवळेपणा आहे? मग शी बघा. ती पांढुरकी, मातकट असेल आणि लघवीचा डाग लंगोटावर पिवळा पडत असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर अधिक उपयोगी ठरते. येताना लंगोट धुऊ नका, तसाच घेऊन या. मोबाइलवर फोटो काढून आणलात तरी चालेल, फक्त तो दिवसाच्या उजेडात काढा.